हौशी छायाचित्रकाराची पेटी : दिंद्रुडच्या उन्हाधुळीत उपयोगी पडणारी साधने

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोडणी कामगारांची वाहने पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या दिशेने निघतात. बीड-परळी रस्त्यावरचे, माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव याच पट्ट्यात येते. कर्ती माणसे पाच-सहा महिने उसाच्या फडावर आणि म्हातारी माणसे गावात, अशी या भागातील कितीतरी घरांची दरवर्षी विभागणी होते. अशा घरात आजोबांचे किंवा धाकट्या नातीचे एखादे छायाचित्र ही चैन नसते. दूर असलेल्या माणसांना जोडून ठेवणारी ती वस्तू असते, आणि माणूस गेल्यानंतर अनेकदा तीच एकमेव खूण उरते.

गावात ज्याच्याकडे कॅमेरा असतो तो साहजिकच साऱ्या गावाचा छायाचित्रकार होतो. जावळ, साखरपुडा, पोळा, हरिनाम सप्ताह, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रत्येक प्रसंगी त्याला बोलावणे येते. त्याचा हा व्यवसाय नसतो, त्यामुळे खर्चाला मर्यादा असते. बाजारात मात्र नव्या उपकरणांना आणि जोडसाधनांना मर्यादा नाही. भिंगे, फिल्टर, गिंबल, दिवे, रिमोट, ड्रोन यांच्या जाहिराती रोज डोळ्यांपुढे येतात, आणि त्या पाहून घेतलेल्या निम्म्या वस्तू कपाटात पडून राहतात.

या खरेदीला एक साधी कसोटी लावता येते. जे साधन नसते तर छायाचित्र कायमचे हातचे गेले असते, ते साधन आधी घ्यावे. ज्याने छायाचित्र थोडे अधिक देखणे होते, ते नंतर घ्यावे. ऊन, धूळ, अनियमित वीज आणि दुरुस्ती केंद्रापासूनचे अंतर हे दिंद्रुडसारख्या गावातील चार वास्तव घटक ध्यानात घेतले, तर हा क्रम शहरातील छायाचित्रकाराच्या क्रमापेक्षा बराच वेगळा ठरतो.

हौसेची जुनी परंपरा

जोडसाधनांचे ओझे हा डिजिटल युगाचा शोध नव्हे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. ते पेशाने वैद्य आणि छायाचित्रणाचे हौशी अभ्यासक होते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर काचा, बाटल्या, तबके आणि काळोखा तंबू असा सारा संसार हलवावा लागत असे.

या भागाशी अधिक जवळचा संबंध लाला दीनदयाळ यांचा आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यांची सुरुवात मात्र हौशी म्हणूनच झाली. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करीत असताना १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे त्यांना निजामाकडून 'राजा' हा किताब मिळाला.

सामान्य घरात कॅमेरा आला तो स्वातंत्र्यानंतर. 'आग्फा क्लिक थ्री' हा भारतात तयार होणारा पेटीवजा कॅमेरा मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी वापरला. १२० आकाराच्या एका रोलवर त्यात १२ चौकोनी छायाचित्रे येत. बारा संधींपैकी एकही वाया जाऊ नये म्हणून माणसे विचार करून कळ दाबत. आज एका कार्डावर हजारो छायाचित्रे मावतात. वाया जाण्याची भीती गेली. तिची जागा सगळेच एकदम नाहीसे होण्याच्या भीतीने घेतली आहे.

कार्ड : पहिली खरेदी

म्हणूनच पहिली खरेदी मेमरी कार्डाची असावी, आणि ती एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम कार्डांची असावी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात मूळ म्हणजे 'रॉ' स्वरूपातील एक छायाचित्र साधारण २५ ते ३० एमबी जागा घेते. या हिशेबाने ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे दोन हजार छायाचित्रे मावतात. एका लग्नाला एवढी जागा पुरेशी आहे. सकाळचा विधी एका कार्डावर आणि दुपारनंतरचा दुसऱ्यावर घेतला, तर एक कार्ड बिघडले तरी निम्मे लग्न हाती राहते.

कार्डावरील खुणा वाचता आल्या की फसवणूक टळते. इंग्रजी 'सी' अक्षरात १० हा आकडा असेल, तर कार्ड किमान १० एमबी प्रतिसेकंद वेगाने लिहिते. 'व्ही ३०' ही खूण किमान ३० एमबीची हमी देते. ठळक अक्षरांत छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नव्हे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी आणि त्यापुढची एसडीएक्ससी प्रकारात मोडतात. जुन्या कॅमेऱ्यांना दुसरा प्रकार अनेकदा चालत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक असते.

बनावट कार्डे ही खरी डोकेदुखी आहे. अशा कार्डाच्या आतील मांडणीत फेरफार करून ८ जीबीचे कार्ड १२८ जीबीचे असल्याचे भासवले जाते. खरी जागा संपल्यावरही ते छायाचित्रे घेत असल्याचे दाखवते. प्रत्यक्षात काहीच साठत नाही. नवे कार्ड प्रसंगाला नेण्याआधी 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' यांसारख्या मोफत संगणक प्रणालीने ते पूर्ण भरून तपासावे.

चुकून छायाचित्रे पुसली गेली तर त्याच क्षणी कार्ड बाहेर काढावे आणि त्यावर काहीही नवे घेऊ नये. पुसताना केवळ नोंद जाते, माहिती लगेच जात नाही. 'फोटोरेक'सारखी मोफत प्रणाली ती बहुतांशी परत मिळवून देऊ शकते. त्याच कार्डावर नवी छायाचित्रे घेतली की मात्र जुन्यांची आशा सोडावी लागते.

वीज आणि बॅटरी

दुसरी खरेदी जादा बॅटरीची. कार्यक्रम लांबणे हा ग्रामीण भागातील नियमच आहे आणि ऐन वेळी वीज असेलच याची खात्री देता येत नाही. आरसाविरहित म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात पडदा सतत चालू असल्याने बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते. त्यामुळे असा कॅमेरा असल्यास दोन जादा बॅटऱ्या बाळगणे इष्ट.

नव्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांत यूएसबीवरून बॅटरी भरण्याची सोय असते. तेथे पॉवर बँक उपयोगी पडते, पण तिचा हिशेब नीट करावा लागतो. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॉट-तास ऊर्जा साठवते. कॅमेऱ्याची साधारण बॅटरी ७ ते ८ वॉट-तासांची असते. रूपांतरातील घट धरली तर अशी बॅटरी सुमारे तीन वेळा भरता येईल.

उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअस या मर्यादेत चालतील असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा बंद मोटारीत तापमान याच्या कितीतरी वर जाते. लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता हाच आहे. कॅमेरा काळ्या पिशवीत उन्हात ठेवण्याऐवजी पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरून ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

फ्लॅशसाठी पुन्हा भरता येणारे एए आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल परवडतात. कमी गळतीचे असे सेल २००५ च्या सुमारास बाजारात आले आणि महिनोन्‌महिने भार टिकवून ठेवू लागले. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असला तरी फ्लॅशला ते चालतात. किंबहुना फ्लॅश पुन्हा भरण्याचा वेळ ते कमी करतात.

धूळ, गुलाल आणि बुरशी

दिंद्रुडच्या परिसरातील काळी जमीन वाळली की तिची धूळ पिठासारखी बारीक होते. मळणीयंत्राजवळ किंवा बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला ती हवेत सतत असते. मिरवणुकीतील गुलाल तर याहून बारीक. कॅमेऱ्याबरोबर येणारे १८-५५ मिमीचे भिंग पुढे-मागे सरकताना बाहेरची हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर ही भुकटीही आत जाते.

यावरील उपाय स्वस्त आहेत. रबरी फुंकणी, मऊ केसांचा ब्रश आणि मायक्रोफायबरचे कापड एवढे साहित्य काही शे रुपयांत मिळते. त्याचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग ब्रश फिरवावा आणि अगदी शेवटी कापड लावावे. धूळ असताना कापड घासले की काच चरचरते. तोंडाने फुंकर मारू नये; थुंकीचे कण काचेवर बसतात. शर्टाच्या टोकाने किंवा उपरण्याने पुसण्याची सवय तर आधी सोडावी. सेन्सरवर फुंकणीने न जाणारा डाग दिसला, तर गावात प्रयोग करण्यापेक्षा तो जाणकाराकडून काढून घेणे स्वस्त पडते.

भिंगापुढे लावायच्या साध्या पारदर्शक किंवा यूव्ही फिल्टरबद्दल छायाचित्रकारांत मतभेद आहेत. डिजिटल सेन्सरला अतिनील किरणांचा फारसा त्रास होत नाही. त्यामुळे चित्राच्या दर्जासाठी त्याची गरज नसते आणि दिव्याकडे रोखल्यास त्याने प्रतिबिंबेही पडतात. तथापि, गुलाल उधळला जात असताना किंवा वादळी धुळीत त्याचे संरक्षण मोलाचे ठरते. मिरवणुकीपुरता लावावा आणि रात्री दिव्यांसमोर काढून ठेवावा, हा मध्यम मार्ग व्यवहार्य आहे. मिरवणुकीत उभे राहून भिंग बदलणे मात्र कटाक्षाने टाळावे.

बुरशी ही प्रामुख्याने कोकणची समस्या मानली जाते. मराठवाड्याची हवा कोरडी असली तरी पावसाळ्याच्या दिवसांत ओलावा वाढतो, आणि बंद चामडी पिशवीत ठेवलेल्या भिंगावर तंतूसारखी जाळी दिसू लागते. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरेशी आहे. मापकाचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. रंग बदलणारे सिलिका जेल ओलावा शोषल्याचे आपणच सांगते. तापवून ते पुन्हा वापरता येते. डब्यात तांदूळ ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याची भुकटी भिंगावर बसते.

प्रकाश : दुपारचा आणि रात्रीचा

येथील दुपारचे ऊन डोक्यावरून येते. फेट्याखाली, पदराखाली किंवा टोपीखाली चेहरा काळवंडतो आणि पार्श्वभूमी पांढरी पडते. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा टिपताना ही चूक सर्वाधिक खटकते. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे परावर्तक. घडी घालता येणारा पाच बाजूंचा परावर्तक बाजारात मिळतो. पण धुतलेली पांढरी चादर दोघांनी धरली तरी चेहऱ्यावर तोच मऊ उजेड पडतो. त्याहून सोपे म्हणजे माणसाला ओसरीच्या कडेला, उघड्या अंगणाकडे तोंड करून बसवणे.

फ्लॅश घेताना त्याचा 'गाइड नंबर' पाहावा. आयएसओ १०० ला हा आकडा ३६ मीटर असेल, तर एफ ४ या छिद्राला प्रकाश ९ मीटरपर्यंत पोचतो आणि एफ ८ ला साडेचार मीटरपर्यंत. छतावर फ्लॅश मारून उजेड खाली उतरवण्याची युक्ती पुस्तकांत हमखास सांगितलेली असते. मराठवाड्यातील माळवदी घरांत ती फसते. लाकडी तुळया आणि काळपट छत प्रकाश गिळून टाकते, तर निळ्या किंवा हिरव्या भिंतीवरून परतणारा प्रकाश चेहऱ्यावर तोच रंग चढवतो. अशा वेळी फ्लॅशचे डोके पांढऱ्या भिंतीकडे किंवा ताणलेल्या चादरीकडे वळवावे.

स्वस्त फ्लॅश आणि वायरलेस ट्रिगर घेताना कॅमेऱ्याच्या माथ्यावरील पट्टी तपासावी. कॅनॉनच्या २०० डी मार्क टू यासारख्या काही कॅमेऱ्यांत मधला प्रमाणित संपर्कबिंदूच ठेवलेला नाही. परिणामी, केवळ त्या एका बिंदूवर चालणारे साधे फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही दुकानात एकत्र लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

रात्रीच्या भजनात किंवा सप्ताहाच्या मंडपात आणखी एक अडचण येते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच एलईडी दिवे आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटरचा वेग १/२५० किंवा १/५०० ठेवला की काही छायाचित्रे काळवंडतात आणि काहींवर आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० हा वेग ठेवल्यास हा दोष बहुतांशी जातो. येथे कोणतेही साधन विकत घ्यावे लागत नाही.

भिंग : एकच घ्यायचे झाल्यास

कॅमेऱ्याबरोबरच्या भिंगाखेरीज एकच भिंग घेणे शक्य असेल, तर ५० मिमी एफ १.८ हे घ्यावे. एफ ५.६ च्या तुलनेत ते जवळपास दहापट प्रकाश आत घेते. जेथे साध्या भिंगाने एक सेकंद लागला असता, तेथे याने एक दशांश सेकंदात काम होते. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर त्याचा दृष्टिकोन ७५ ते ८० मिमीसारखा भासतो, आणि व्यक्तिचित्रासाठी तो अनुकूल असतो. समईच्या किंवा चुलीच्या उजेडात आजीचा चेहरा टिपायचा असेल तर दुसरा पर्याय नाही.

कापसावरील बोंडअळी किंवा ज्वारीवरील कीड जवळून दाखवायची असेल, तर महागडे मॅक्रो भिंग लगेच घेण्याची गरज नाही. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, मिळतात. त्यांत काच नसतेच. ५० मिमी भिंगामागे २५ मिमीची नळी लावली की सेन्सरवरील प्रतिमेचे प्रमाण सुमारे निम्म्याने, म्हणजे ०.५ ने वाढते. नळी घेताना विद्युत संपर्क असलेली घ्यावी, अन्यथा छिद्र बदलता येत नाही.

माजलगाव धरणाच्या पाण्यावरील पक्षी किंवा पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यातील मोर टिपण्यासाठी ७०-३०० मिमी भिंग हा सुरुवातीचा पर्याय आहे. नवे घेण्याआधी जुन्याचा विचार करावा. कॅनॉन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी अनुक्रमे आरएफ आणि झेड या नव्या बैठका आणल्या. त्यानंतर डीएसएलआरची उत्तम भिंगे जुन्या बाजारात स्वस्त झाली आहेत. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसर छायाचित्रणाच्या साहित्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. जुने भिंग घेताना त्यातून मोबाइलच्या दिव्याचा झोत पाहावा; बुरशीची जाळी लगेच दिसते. अडॅप्टरवर सर्व भिंगे स्वयंचलित फोकस करतातच असे नाही. निकॉनची स्वतःची मोटार नसलेली जुनी एएफ-डी भिंगे कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच फोकस करावी लागतात.

तिपाई आणि फिल्टर

तिपाई म्हणजे ट्रायपॉड हा घाईत घेतला जाणारा आणि नंतर पस्तावा देणारा प्रकार आहे. हलकी, डुगडुगणारी तिपाई नसल्यापेक्षा वाईट. कॅमेरा आणि सर्वात जड भिंग यांच्या एकूण वजनाच्या दुप्पट भार पेलणारी तिपाई निवडावी. मधला दांडा शक्यतो वर काढू नये. वारा असल्यास मधल्या आकड्याला पिशवी टांगावी, आणि ओल्या काळ्या रानात पायांखाली लाकडाचे तुकडे ठेवावेत. शटर दाबताना होणारा धक्का टाळण्यासाठी रिमोट नसला तरी कॅमेऱ्यातील दोन सेकंदांचा टायमर चालतो.

गावाबाहेरचे अंधारे आकाश ही या भागाची न मोजलेली संपत्ती आहे. मार्च ते जून या काळात पहाटेपूर्वी किंवा रात्री आकाशगंगेचा मध्यभाग चांगला दिसतो. चांदण्या रेघांसारख्या न दिसता ठिपक्यांसारख्या याव्यात यासाठी ५०० ला भिंगाच्या परिणामी लांबीने भागावे. १८ मिमी भिंग एपीएस-सी कॅमेऱ्यावर २७ मिमीइतके भासते, म्हणून मर्यादा सुमारे १८ सेकंदांची. शहरातील छायाचित्रकार याच दृश्यासाठी शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

फिल्टरांपैकी ध्रुवीकरण करणारा सीपीएल हा एकच असा आहे की ज्याचा परिणाम संगणकावर नंतर नीट साधता येत नाही. पाण्यावरील आणि पानांवरील चमक तो कमी करतो. सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो. त्यामुळे प्रकाश सुमारे दीड ते दोन टप्प्यांनी घटतो, हे लक्षात ठेवावे.

मोबाइल : शेतातला पुरावा

गावातील बहुसंख्य छायाचित्रे आज मोबाइलवरच घेतली जातात आणि त्यांतील काहींचे महत्त्व केवळ हौसेपुरते नसते. राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाचे छायाचित्र शेतातूनच भरावे लागते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. अशा वेळी स्पष्ट, योग्य जागेची नोंद असलेले छायाचित्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. मोबाइलचे स्थाननिदर्शन चालू आहे, तारीख बरोबर आहे आणि भिंगावर बोटाचा तेलकट ठसा नाही, या तीन गोष्टी पाहण्याला पैसे लागत नाहीत.

मोबाइलच्या जोडसाधनांपैकी छोटी तिपाई आणि ब्लूटूथ रिमोट ही दोन उपयुक्त. चिमट्याने लावायची भिंगे कडेला अस्पष्ट चित्र देतात. त्यांतील मॅक्रो भिंग किडीच्या छायाचित्रासाठी चालून जाते. गिंबल चालत्या चित्रफितीसाठी आहे. केवळ छायाचित्रे घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

ड्रोनचा मोह

उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' या २०१० मधील छायाचित्रग्रंथासाठी किल्ल्यांची आकाशचित्रे हेलिकॉप्टरमधून घेतली गेली होती. त्यानंतर ड्रोनमुळे ही दृष्टी सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. मात्र हे खेळणे नव्हे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो' गटात येतात, आणि ते उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्राची अट नाही. त्याहून जड ड्रोनांना नोंदणी व ओळख क्रमांक आवश्यक ठरतो. उड्डाणापूर्वी त्या जागेचे हवाई क्षेत्र खुले आहे का, हे पाहावे लागते. तयार परदेशी ड्रोनांच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. त्यामुळे आडमार्गाने आलेल्या ड्रोनची ना हमी मिळते, ना दुरुस्ती. धरण किंवा औष्णिक वीज केंद्र यांच्या जवळ स्थानिक परवानगीशिवाय उड्डाण करू नये. या साऱ्यांचा विचार केला तर हौशी छायाचित्रकाराच्या यादीत ड्रोनचे स्थान शेवटचे ठरते.

शेवटचे साधन : कागद

यादीतील सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे छापील छायाचित्र. कार्डावरून संगणकावर, संगणकावरून एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी प्रत गावाबाहेर किंवा इंटरनेटवरील साठवणीत, अशा तीन प्रती ठेवणे हा जगभर मान्य झालेला नियम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले छायाचित्र ही प्रत धरू नये. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास ते आक्रसते आणि मोबाइल बदलला की हरवते. मूळ छायाचित्र पाठवायचे असल्यास ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

तरीही हार्ड डिस्क बिघडते, परवलीचा शब्द विसरला जातो, आणि छायाचित्रकार गाव सोडून जातो. या सर्वांतून तगून राहण्याची शक्यता कागदावरील चित्राची अधिक. प्रयोगशाळेत प्रकाशसंवेदी कागदावर छापलेले चार बाय सहा इंचांचे छायाचित्र उन्हापासून दूर ठेवले तर अनेक दशके टिकते. त्यामागे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

एका फिल्टरच्या किमतीत अशी कितीतरी छायाचित्रे छापून होतात. ऊसतोडणीला निघणाऱ्या घरासाठी दोन प्रती काढाव्यात. एक गावातल्या भिंतीवर राहील, दुसरी फडावरच्या कोपीत जाईल. पेटीतले दुसरे कोणतेही साधन ते काम करू शकत नाही.